बिननावाच्या हाका

केशरबाईच्या नवऱ्याचं नाव उकंडराव. उकंडा म्हणजे घरामागचा शेणाचा नि केरकचऱ्याचा ढीग. पुण्याकडचे लोक त्याला उकिरडा म्हणतात आणि नाक मुरडतात. आमच्याकडं त्यावरून माणसाचं नाव ठेवतात, आणि ते मायेनं ठेवतात. एखादीची लेकरं जगत नसली की नवं लेकरू घटकाभर उकंड्यावर ठेवायचं, म्हणजे यमाला वाटावं, हे टाकून दिलेलं दिसतंय, याच्याशी आपल्याला काय करायचंय. यम एवढा भोळा असतो का, असं विचारू नये. उकंडराव त्यामुळं जगला असं त्याची आई शेवटपर्यंत सांगायची, आणि ती जे सांगायची ते गावात कुणी खोडून काढत नव्हतं.

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हेही तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. नुसतं नावच नाही, त्या नावातला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. एखादीचा नवरा अमृतराव असला तर तिचं काय अडतं? अमृत रोज कोण पितं? केशरबाईचं मात्र रोज अडायचं. गोठा झाडून शेणाची पाटी डोक्यावर घेतली की शेजारची मोतीबाई कुडावरून विचारायची, कुठं निघालीस. लग्न होऊन आलेल्या पहिल्याच महिन्यात केशरबाईनं पाटी सावरली, जरा विचार केला आणि खाली मान घालून सांगितलं,

"मालकावर टाकून येते."

मोतीबाई हसता हसता खाली बसली. दुपारपर्यंत ती गोष्ट नदीवर गेली, संध्याकाळी पारावर पोचली. सिद्धेश्वरच्या धरणाच्या खालच्या अंगाला असलेलं ते गाव काही मोठं नव्हतं, आणि हसायला तिथं कारणंही फार नव्हती. उकंडरावानं ऐकलं तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसला. दुसऱ्या दिवशी केशरबाई पाटी घेऊन मागच्या दारानं निघाली, तर तो दारात आडवा उभा राहून म्हणाला, टाक बाई, पण जपून टाक, वरून टाकशील तर डोळ्यात जाईल.

तिथून त्यांच्या संसाराला सुरुवात झाली असं म्हटलं तरी चालेल. त्या काळी नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत, आणि घरात तर कायमच चारचौघं असत. या दोघांचं बोलणं त्या एका ढिगावरून चालायचं. पाऊस लागून राहिला की केशरबाई सासूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, मालक भिजून वास मारून राहिलेत. उन्हाळ्यात खत शेतात न्यायची वेळ आली की म्हणायची, मालकाला आता गाडीत भरून न्यावं लागतंय. तो बाहेर ओसरीवर बसलेला असायचा. त्याचा खोकल्यासारखा आवाज आला की तिनं समजावं, पोचलं.

सासऱ्याचं नाव जळबा. म्हणजे जळण म्हणता येत नव्हतं, जळालं म्हणता येत नव्हतं. भाकरी करपली की केशरबाई 'काळी झाली' म्हणून वेळ मारून न्यायची. पण एकदा शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला विस्तव लागला आणि पहिल्यांदा तिनंच पाहिला. ती धावत चावडीवर गेली आणि सगळ्या माणसांसमोर ओरडली, कडबा मामंजी होऊन राहिला, पळा! माणसं आधी हसली आणि मग पळाली. अर्धी गंजी त्या हसण्यात गेली असं शेजारी पुढं कितीतरी वर्षं म्हणत होता, पण तेही तो हसतच म्हणायचा.

शब्दावरच्या कोटीचं हसू कसं असतं, यावर केशरबाईनं कधी विचार केला नाही. करायचं कारण नव्हतं. आपण मात्र करू. शब्दाचं घर एकच असतं, आत राहणारे दोघं असतात. तुम्ही पुढच्या दारातून एकाला हाक मारता आणि मागच्या दारानं दुसराच बाहेर येतो. हे पाहून हसू कुणाला येतं? ज्याची दोघांशीही ओळख आहे त्यालाच. ज्याला त्यातला एकच ठाऊक आहे तो तुमच्या तोंडाकडं बघत राहतो.

असाच एक बघत राहिला होता. हिवतापाची फवारणी करायला आलेला तो माणूस कुठल्या तरी लांबच्या गावचा होता. त्यानं दारावर खडूनं लिहायला म्हणून घरधन्याचं नाव विचारलं. केशरबाईनं पदर तोंडाशी धरून घरामागं बोट दाखवलं. तो मागं जाऊन पाहून आला, बराच वेळ डोकं खाजवलं आणि दारावर 'कचरू' असं लिहून निघून गेला. उकंडराव निजामाच्या काळच्या उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेला, पण मराठी अक्षरंही त्याला लागायची. संध्याकाळी दाराशी थबकून तो म्हणाला,

"मी शेतात गेलो तेवढ्यात नवा मालक करून घेतला व्हय?"

ते अक्षर पावसानं धुऊन जाईपर्यंत त्यानं पुसू दिलं नाही.

त्यालाही बायकोचं नाव घेता येत नव्हतंच. पुरुषांना तसा दोष लागत नाही, पण लाज वाटते. मग त्यानं आपल्या उर्दूतून वाट काढली. केशराला उर्दूत जाफरान म्हणतात. तो तिला जाफरान म्हणायचा, आणि सासूला वाटायचं पोरगा सुनेला काहीतरी वाईटसाईट बोलतोय. त्याचा अर्थ घरात फक्त तिला माहीत होता. खरं केशर त्या दोघांनीही जन्मात पाहिलेलं नव्हतं.

एकाहत्तर साली पोळ्यानंतर तो आठ दिवस तापानं फणफणला आणि गेला. केशरबाईच्या संसाराचा हिशेब सांगत बसत नाही. सासूसासरे आधीच गेले होते, मुलगी रुख्मिणी नांदायला गेलेली, मुलगा संतराम कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला. घरात ती आणि सून सुमन, तीही पोटुशी. सुमनचं पहिलं लेकरू महिन्याचं होऊन वारलं होतं.

दिवसपाणी झाल्यावर एका सकाळी केशरबाई पाटी घेऊन निघाली. मोतीबाईनं सवयीनं विचारलं, कुठं निघालीस? आणि विचारल्यावर तिनं जीभ चावली. केशरबाई पाटीसकट उभी राहिली. तिच्या तोंडाशी तेच उत्तर आलं होतं, पण आता त्या शब्दाच्या घरात एकच राहत होता. दुसरा निघून गेला होता. नुसता शेणाचा ढीग उरला होता आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "खत टाकायला," असं म्हणून ती गेली. त्या दिवसानंतर त्या कुडापाशी कुणी हसलं नाही.

मग सुमन बाळंत झाली. मुलगा. पहिल्यासारखं होऊ नये म्हणून रीतीप्रमाणं त्याला उकंड्यावर ठेवला. मोतीबाईनं उचलला, आणि सुमननं सूपभर ज्वारी देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. बारशाला आत्या म्हणून रुख्मिणी आली. बापाची आठवण आणि रीतीचं नाव, दोन्ही एकाच वेळी जमून आलेलं पाहून तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं: उकंडा. आजा परत आला, असं म्हणत बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि घरोघर गेल्या. रुख्मिणीही दुसऱ्या दिवशी सासरी गेली.

आणि मग घरातल्यांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. आजीला ते नाव घेता येत नव्हतं, कारण ते नवऱ्याचं. सुमनला घेता येत नव्हतं, कारण ते सासऱ्याचं. संतरामला बापाच्या नावानं पोराला अरे-तुरे करायचा जीव होत नव्हता, आणि तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. म्हणजे घरात एक लेकरू आणि त्याच्या नावाला कुलूप! असली चूक आमच्याकडंच होऊ शकते.

सुमननं 'बाळ'वर भागवलं. केशरबाईचं बाळवर भागेना. पहिल्या दिवशी पाळण्याची दोरी ओढता ओढता ती म्हणाली, लोकाईचे नातू लखपती आसतील, माझा खतपती हाय. आणि कितीतरी दिवसांनी तिचं तिलाच हसू आलं. शब्दाच्या त्या घरात पुन्हा दोघं राहायला आले होते. मग तिला थांबवणारं कुणी नव्हतं. पोरगं रांगायला लागून सगळ्या घरावर हुकूम चालवायला लागलं तसं ते शेणापती झालं. कपाळाला भंडारा लावला की खतोबा. राखेत लोळलं की राखोजीबुवा. कुडापलीकडून मोतीबाई ऐकायची आणि पुन्हा हसायची, आणि शेजारपाजारही पोराला त्याच नावांनी हाक मारायचा. आजीनं नवं नाव काढलं की पोरगं आधी तिच्या तोंडाकडं बघायचं आणि मग टाळ्या वाजवायचं, त्याला ढीग ठाऊक होता आणि तो स्वतः ठाऊक होता, एवढं त्याला पुरायचं.

सुमनला मात्र हसू येत नव्हतं. एकदा तिनं सासूला स्पष्टच सांगितलं की लेकराला चौथं लागलं, उद्या शाळेत घालायचं, आणि त्याला त्याचं नाव ठाऊक नाही. केशरबाई म्हणाली, शिकंल मास्तरापाशी. पण ते बोलणं तिला लागलं. रात्री पडल्या पडल्या तिनं ओठ हलवून पाहिले. आता कुणाचं आयुष्य कमी होणार होतं? माणूस तर गेलाच होता. तरी आवाज निघेना. खरं सांगायचं तर तिला दोषाची भीती वाटत नव्हती. एवढी वर्षं त्या नावाभोवती फिरून ती त्याच्याशी बोलत आली होती. सरळ नाव घेतलं की ते बोलणं संपलं, असं तिला वाटायचं.

पंच्याहत्तरच्या महाशिवरात्रीला त्या दोघी पोराला घेऊन औंढ्याच्या जत्रेला गेल्या. संतरामला कालव्यावरून सुटी मिळाली नाही. गाडीवान गाडीतळावर बैलांपाशी थांबला. दर्शन झालं, प्रसाद झाला, सुमन कासाराच्या दुकानात बांगड्या भरायला बसली. पोराचा हात केशरबाईच्या हातात होता. कासारानं बांगडी चढवताना सुमन कळवळली, केशरबाईनं पुढं वाकून तिचा दंड धरला, आणि मागं वळून पाहते तो पोरगं नाही.

आधी तिला वाटलं, इथंच असेल. मग दोघी पाळण्यांपाशी गेल्या, रेवड्यांच्या पालांमधून फिरल्या, बारवेच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि पाण्यात काही दिसलं नाही तरी केशरबाईनं पलीकडच्या बाजूनंही वाकून पाहिलं. सुमन एका हातात अर्ध्या बांगड्या घेऊन 'बाळा, बाळा' ओरडत होती. जत्रेतली निम्मी लेकरं बाळच होती. ती सगळी वळून बघत होती. शेवटी ती थांबली आणि सासूकडं वळली.

"त्याला कोनी इचारलं, तुजं नाव काय, तर त्यो काय सांगंल? खतपती? लोक हसतील आन् सोडून देतील. त्याला घरी कोन आणून दील, आत्याबाई?"

केशरबाईनं तिचा हात धरला आणि ती भोंग्याच्या आवाजाच्या दिशेनं निघाली.

जत्रेच्या टोकाला फिरत्या सिनेमाचा तंबू होता. तंबूवर दोन भोंगे, आणि खाली खुर्चीवर बसून हिरासिंग नावाचा एक धिप्पाड माणूस संध्याकाळच्या खेळाची जाहिरात करत होता. जत्रेत कुणाचं लेकरू चुकलं तर लोक त्याच्याचकडं येत. तो भला माणूस होता. त्यानं दोघींना पाणी दिलं आणि हिंदीत विचारलं, माँजी, बच्चे का नाम?

सुमन सासूकडं बघायला लागली. केशरबाईच्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे तीस वर्षं निघत होतं. घराच्या मागं ऱ्हातं, म्हणाली, रोज वाढतं, उन्हाळ्यात गाडीत बसून शेतात जातं. हिरासिंगनं कपाळाला आठ्या घातल्या. त्याला काही उमजेना. तोवर भोवती बघे जमले होते. एकानं म्हटलं, भोपळा. दुसरा म्हणाला, बाईचं म्हणणं कडबा असंल. कुणीतरी आणखी काहीतरी बोललं आणि सगळे खदखदले. केशरबाईनं आयुष्यभर माणसांना हसवलं होतं, पण हे हसणं तसं नव्हतं. यातल्या एकालाही तिचं घर ठाऊक नव्हतं, घरामागचा ढीग ठाऊक नव्हता, लेकरू ठाऊक नव्हतं. ते नुसते कोडं सोडवत होते आणि तिकडं बारव उघडी होती.

"नाम, माँजी, नाम," हिरासिंग म्हणाला आणि त्यानं तो बोलायचा दांडा तिच्या तोंडापुढं धरला.

केशरबाईनं डोळे मिटले.

"उकंडराव," ती म्हणाली.

दोन्ही भोंग्यांतून ते बाहेर पडलं. पाळण्यांवरून गेलं, पालांवरून गेलं, देवळाच्या भिंतीला लागून परत आलं. तिचा हात झटकन तोंडावर गेला. सुमननं पदर डोक्यावरून पुढं ओढला. हिरासिंगनं मान हलवली, अजून म्हणा. तेव्हा तिनं पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती पुढंही बोलून गेली. "उकंडराव, या हो. कुठं असाल तिथून या."

लेकराला हाक मारताना कुणी अहो-जाहो करत नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पोरगं आलं नाही. आले ते तीन म्हातारे. एक घोंगडीवाला, एकाच्या डोक्याला लाल मुंडासं, एक काठी टेकत लगबगीनं. आमच्या भागात हे नाव काही एकाचंच नाही. तिघांनाही वाटलं, आपल्या घरच्यांनी बोलावलं, कुणाला काही झालं की काय. ते गर्दीतून वाट काढत पुढं आले आणि केशरबाईसमोर उभे राहिले. तिनं पहिल्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग दुसऱ्याच्या, मग काठीवाल्याच्या. ती कुणाला शोधत होती हे तिलाही कळलं, आणि कळल्यावर तिला रडू आवरलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा हाक मारली होती. एवढी माणसं उठून आली, आणि तोच तेवढा आला नाही.

सुमननं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, त्याला हे नाव कुठं ठाव हाय? तुमी तुमच्या हाका मारा."

केशरबाईनं नाक पुसलं. हिरासिंगच्या हातातला दांडा स्वतःच घेतला आणि घरामागच्या अंगणात उभी असावी तशी घसा ताणून सुरू झाली. अरे खतपती! शेणापती कुठं हाय माजा? खतोबा, ये रे, आजी वाट पाहून राहिली! राखोजीबुवा! अख्खी जत्रा थांबून वर भोंग्याकडं बघायला लागली. हसू उसळलं, पाळणेवाला पाळणा धरून हसायला लागला. आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं. हसता हसता त्यांनी आपापल्या भोवती खाली बघावं, एवढंच तिला हवं होतं.

रेवडीवाल्याच्या पालातून एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन आला. तो केव्हाचा त्याला नाव विचारत होता आणि पोरगं शेणापती म्हणून सांगत होतं, तेव्हा त्याला वाटलं पोरगं थट्टा करतंय. पोराच्या दोन्ही मुठी रेवड्यांनी भरलेल्या होत्या. सुमननं त्याला एक धपाटा घातला आणि मग पोटाशी असा धरला की त्याच्या रेवड्या तिच्या चोळीला चिकटल्या.

काठीवाला म्हातारा अजून तिथंच उभा होता. जाता जाता तो केशरबाईला म्हणाला, "आमची म्हातारी गेली, बाई. जन्मात तिनं माजं नाव घेतलं न्हाई. आज भोंग्यातून ऐकलं, बाईच्या तोंडून. बरं वाटलं." आणि तो काठी टेकत गर्दीत शिरला.

दिवस कलायला लागला तेव्हा गाडी गावाकडं निघाली. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता. सुमनला गुंगी आली होती. पोरगं आजीच्या मांडीवर बसून शेवटची रेवडी चोखत होतं. मध्येच त्यानं विचारलं,

"आजी, उकंडराव कोन?"

"तू," केशरबाई म्हणाली. आता तिला ते सोपं गेलं. "तुजं खरं नाव हाय ते. आन् तुज्या आजाचंबी."

पोरानं विचार केला. "मंग तू हाक मारली तवा आजा काहून न्हाई आला?"

सुमननं डोळे उघडले. केशरबाईनं पोराच्या हनुवटीवरचा रेवडीचा चिकटा पदरानं पुसला.

"लई लांब हाय त्यो," ती म्हणाली. "ऐकू गेलं नसंल."

"मंग जोरात मार."

सुमनला वाटलं, आता सासू पोराला गप्प बसवील. केशरबाईनं पोराला मांडीवरून उतरवून तिच्याजवळ दिलं. मग ती चालत्या गाडीत एका हातानं गाडीच्या साठ्याची कड धरून उभी राहिली, पदर खोचला आणि मोकळ्या शेताकडं तोंड करून तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.